बाळंतपणाची रजा संपली आणि घरून काम सुरू झालं

माझी रजा १६ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. कॅलेंडरवर मोजले तर शेवटचा दिवस येत होता १४ एप्रिल २०२४. तेव्हा ही तारीख इतकी लांब वाटली की तिच्यानंतर काय करायचं, याचा मी विचारच केला नाही. घरात कुणाची रजा चालू असेल किंवा चालू होणार असेल तर पहिली गोष्ट हीच सांगेन: परतीचा विचार रजेवर जाण्याआधी करा. निदान ऑफिसात कुणाशी बोलायचं, एवढं तरी विचारून ठेवा.

नियम थोडक्यात सांगते, कारण मला ते तुकड्यातुकड्यांनी कळले. माझ्या वेळी प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ आणि त्यातली २०१७ ची दुरुस्ती लागू होती. आधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. दोन मुलं आधीच असतील तर १२ आठवडे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मी तीनच घेतले, बाकीचे बाळासाठी राखले. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि तुम्ही ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असाल तर पैसे तिकडून येतात. माझे कंपनीकडून आले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. २६ आठवडे आणि घरून कामाची तरतूद दोन्ही तिथेही आहेत, फक्त कलमांचे क्रमांक बदलले. अर्ज करताना नवे क्रमांक बघून घ्या.

लेक ६ नोव्हेंबरला झाली, दिवाळीच्या तोंडावर. जानेवारीच्या शेवटापर्यंत मी कऱ्हाडला आईकडे होते. तिथे एका दुपारी लेक मांडीवर झोपली होती आणि मी सहज हिशेब केला. आमचं घर चिंचवडला, ऑफिस खराडीला. जाऊन-येऊन तीन तास, कामाचे नऊ. म्हणजे सव्वापाच महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ मला रोज १२ तास बघणार नाही. मी लगेच ऑफिसातल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी रुजू तर व्हा, मग बघू." त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या कंपनीत ५० पेक्षा जास्त लोक आहेत, त्यामुळे पाळणाघराची सोय कायद्याने हवी आणि ती होतीही. पण ते पाळणाघर ऑफिसजवळ. एप्रिलच्या उन्हात दीड तास प्रवास करून बाळाला तिथे नेणं मला शक्य नव्हतं.

मग मी माझं नेमणुकीचं पत्र काढलं. त्यासोबत जोडलेल्या कागदांत प्रसूती लाभांचं एक पान होतं. नोकरीवर घेताना ही माहिती लेखी द्यायची असं कायदाच सांगतो, म्हणून ते होतं. मी मात्र सही करून ते कधी वाचलं नव्हतं. त्यात कलम ५(५) सापडलं: कामाचं स्वरूप तसं असेल तर प्रसूती रजेनंतर घरून काम करू देता येईल, किती काळ आणि कोणत्या अटींवर ते दोघांनी मिळून ठरवायचं. मी आनंदाने नवऱ्याला वाचून दाखवलं. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं तेव्हा "येईल" या शब्दावर थांबले. तो हक्क नाही, परवानगी आहे. मालकाला नाही म्हणता येतं. हे आधीच कळलं ते बरं झालं, कारण त्यामुळे माझ्या अर्जाची भाषाच बदलली. भांडणाचा सूर गेला आणि माझं काम घरून कसं होईल, हे दाखवायचा सूर आला.

५ फेब्रुवारीला मेल केला, सरांना आणि एचआरला एकत्र. १२ तारखेला लेकीच्या साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी महापालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभी होते, तेव्हा उत्तर आलं: कंपनीच्या धोरणात अशी सोय नाही. एका ओळीत. पुढच्या मिनिटाला लेकीचा नंबर आला. ती रडली आणि तिच्याबरोबर मीही रडले. नर्सबाईंना वाटलं सुईमुळे. त्या मला म्हणाल्या, "अहो, संध्याकाळपर्यंत विसरेल ती."

दोन दिवस काही केलं नाही. मग एक तक्ता केला. मी अकाउंट्समध्ये आहे, जीएसटी आणि टीडीएस माझ्याकडे. आमचा महिना तारखांवर चालतो: ७ ला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून ठेवलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा रिटर्न, १४ ला २बी, म्हणजे आमच्या खरेदीवरच्या जीएसटीची यादी, पोर्टलवर तयार होतं, ते खरेदीच्या नोंदींशी जुळवायचं, २० ला ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचा रिटर्न. माझी महिन्यातली सगळी कामं लिहून काढली, ती ३१ भरली. त्यांतली २४ नुसत्या कॉम्प्युटरवर होणारी होती. ५ कामांना ऑफिसातल्या कुणाची तरी मदत लागणार होती. आणि २ कामं, म्हणजे मूळ बिलांच्या फायली तपासणं आणि पेटी कॅश (किरकोळ खर्चाची रोकड) मोजणं, यांना मी स्वतः तिथे असणं भाग होतं. सरांची मुख्य शंका डिजिटल सहीची होती. कंपनीचा रिटर्न त्या सहीनेच भरला जातो आणि सहीचं टोकन, पेनड्राइव्हसारखं असतं ते, ऑफिसच्या कपाटात. मी लिहिलं की सगळं तयार करून शेवटच्या पायरीपर्यंत मी आणेन, टोकन लावून सही तिथला सहकारी करेल, त्या वेळी मी फोनवर असेन. त्या सहकाऱ्याला मी आधीच विचारलं होतं. हा तक्ता १६ फेब्रुवारीला पाठवला.

त्यानंतर जवळपास एक महिना काहीच नाही. या महिन्यात मी दर सोमवारी एक साधा मेल टाकत होते, "माझ्या १६ तारखेच्या अर्जाबाबत". तक्रारीचा एकही शब्द नाही. मार्चअखेरीची गडबड त्यांनाही होतीच. शेवटी ११ मार्चला व्हिडिओवर बोलणं झालं. एचआरच्या मॅडमनी तक्ता उघडून ठेवला होता. पाऊण तासात बहुतेक ठरलं.

२२ मार्चला दीड पानाचा करार आला. १५ एप्रिल ते १४ ऑक्टोबर २०२४ घरून काम. पहिले तीन महिने पूर्ण, नंतर आठवड्यातून एक दिवस ऑफिस. वेळ १० ते ७. लॅपटॉप कंपनीचा. इंटरनेटचे महिना ८०० रुपयांपर्यंत, बिल दाखवून. मी दोन गोष्टी घालून घेतल्या: तीन महिन्यांनी आढावा लेखी होईल आणि स्तनपानासाठीच्या दोन सुट्ट्या कामाच्या वेळेत धरल्या जातील. त्या सुट्ट्या मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कायद्यातच आहेत, जेवणाच्या सुट्टीच्या वर. घरून काम करणारीलाही त्या लागू होतात, हे एचआरलाही तपासून बघावं लागलं.

सातवी अट मात्र माझ्या मनाला लागली. "कामाच्या वेळेत मुलाच्या देखभालीसाठी घरात दुसरी प्रौढ व्यक्ती उपलब्ध असेल, असे कर्मचारी मान्य करते." खाली त्या व्यक्तीचं नाव आणि नातं लिहायला जागा. मला वाटलं, माझ्याच घरात माझं मूल मी बघायचं नाही, हे सांगणारे हे कोण? पण २८ मार्च ही शेवटची तारीख होती. मी सासूबाईंचं नाव लिहिलं आणि सही केली. त्यांना मी विचारलं नव्हतं. "आई, असं असं ठरलंय," एवढं फक्त सांगितलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या.

तयारीला दोन आठवडे मिळाले. आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा चाकणला कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतो. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा बेडरूममध्ये झोपतो, म्हणजे त्या आठवड्यात माझं टेबल हॉलमध्ये हवं. म्हणून घडीचं टेबल घेतलं, २,८०० रुपये. खुर्ची ५,४०० ची. यात कुचराई करू नका. बाळंतपणानंतर कंबर आधीच दुखत असते. पहिले चार दिवस मी जेवणाच्या खुर्चीवर उशी टाकून बसून पाहिलं आणि पाचव्या दिवशी वाकता येईना. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यासाठी राउटरला लावायचा छोटा बॅकअप १,६०० ला घेतला. लॅपटॉपची बॅटरी तीन तास पुरते.

इंटरनेटचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन दोन वर्षं झाली होती, बिल त्यांच्याच नावाने येत होतं आणि आम्हा कुणाला ते बदलावंसं वाटलं नव्हतं. कंपनीला बिल कर्मचाऱ्याच्या नावावरच लागतं. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, वारसाचं पत्र वगैरे सांगितलं, म्हणून ते बंद करून माझ्या नावाने नवं घेतलं. नऊ दिवस लागले. जुन्या कनेक्शनचं शेवटचं बिल सासूबाईंनी घडी घालून देवघराच्या खणात ठेवलं.

१५ एप्रिल, सोमवार. माझा रुजू होण्याचा आठवडा नेमका ३बी चा, तोही मार्चचा. सकाळी दहाला बेडरूमचं दार लावून बसले. पंधरा मिनिटांत लक्षात आलं की लेकीला माझा आवाज ऐकू येतो. मी फोनवर बोलले की ती हॉलमध्ये रडते, गप्प राहिले की शांत होते. काढून ठेवलेलं दूध आई, म्हणजे सासूबाई, वाटी-चमच्याने पाजत होत्या. मी घरात आहे हे कळलेलं असताना ती वाटीला तोंड लावेना. पहिल्या आठवड्यात मी किती वेळा उठले याला मोजदाद नाही. सातला संपणारं काम रात्री अकरा-बारापर्यंत जाऊ लागलं. २० तारखेला ३बी वेळेत गेलं, पण त्या दिवशी मी लेकीला धड पाहिलंच नाही.

हळूहळू दोन गोष्टींनी फरक पडला. पाजायच्या वेळा साडेअकरा आणि साडेतीन ठरवून ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकल्या, म्हणजे त्या वेळात कुणी मीटिंग लावेना. आणि कॉल चालू असला की दाराच्या मुठीला माझी लाल ओढणी बांधायची. ओढणी दिसली की दार वाजवायचं नाही.

मे महिना कठीण गेला. ऊन वाढलं. ६ मेला सहा महिने पूर्ण झाले आणि वरचं खाणं सुरू झालं: नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी, रोज नवं काहीतरी. आमच्याकडे पाणी दिवसाआड, त्यामुळे ज्या दिवशी पाणी त्या दिवशी धुणं, भरणं सगळं एकदम. मी घरीच आहे म्हणून गॅसवाला, कुरिअर, शेजारच्या काकूंच्या पाहुण्यांची किल्ली, सगळं माझ्याकडे यायला लागलं. "तू घरीच आहेस ना" हे वाक्य मी नवऱ्याकडूनही ऐकलं आणि त्याच्याशी भांडले.

१६ मे, गुरुवार. वीज गेलेली. मी मोबाईलच्या नेटवर ऑडिटरच्या कॉलवर होते, कानात हेडफोन, मुठीला ओढणी. कॉल पाऊण तास चालला. बाहेर आले तर आई हॉलमध्ये जमिनीवर बसलेल्या, लेक मांडीवर झोपलेली. आईंचे गुडघे आधीच दुखरे, वय ६६. लेकीला घेऊन त्या खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. पंखा बंद. लेक जागी होऊ नये म्हणून सरकताही येईना. पाऊण तास त्या तशाच बसून होत्या.

"हाक का नाही मारली?"

"मारली गं दोनदा. पण ओढणी होती ना."

मी त्यांना उठवलं, पाणी दिलं, गुडघ्याला तेल लावलं. त्या अजिबात रागावल्या नव्हत्या आणि तेच मला सोसेना. ऑफिसशी बोलताना मी ३१ कामांचा तक्ता केला होता. घरातल्या कामांचा कुणी केला होता? जिच्या नावावर सातवी अट उभी होती, तिला दिवसात किती तास काय करावं लागतं, हे मी कधी लिहून पाहिलं नव्हतं. मी ज्याला माझं ऑफिस करून टाकलं होतं ते चाळीस वर्षं त्यांचं घर होतं. दुपारी दोन ते साडेतीन त्या पडायच्या, चारला खाली बाकावर मैत्रिणींबरोबर बसायच्या. हे दोन्ही महिन्याभरात बंद झालं होतं आणि त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

रविवारी, १९ मेला, आम्ही तिघं बसलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी दिवसाचे तास आखले आणि या वेळी आधी आईंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दुपारची दीड तासाची झोप आणि चारचं खाली जाणं, एवढं मला दे. बाकी मी आनंदाने करते." त्यावरून बाकीचं ठरत गेलं. १ जूनपासून ११ ते ३ एक मावशी ठेवल्या, महिना ७,५०० रुपये. पहिल्या पाळीच्या आठवड्यात नवरा पावणेचारला घरी येतो, चहा झाला की लेक सातपर्यंत त्याच्याकडे. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दीडला उठतो, मग तीनपासून त्याच्याकडे. दुसऱ्या पाळीचा आठवडा अडचणीचा होता, कारण तो दुपारी जातो आणि मावशी गेल्यावर आई एकट्याच. त्यासाठी मी ऑफिसला लिहिलं: त्या आठवड्यात सकाळी साडेसातला सुरू करते, नवरा घरी असताना, साडेचारला थांबते. तक्ता जोडला. तीन दिवसांत "चालेल" आलं. आणि त्या आठवड्यात आईंचं खाली जाणं चारऐवजी पाचला झालं.

४५० रुपयांची एक बिनतारी डोअरबेलही आणली. बटण आईंच्या कमरेच्या पिशवीत, घंटा माझ्या टेबलावर. ओढणी असो वा नसो, बेल वाजली की मी उठणार. सहा महिन्यांत ती चार वेळा वाजली. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस मूल सांभाळतं, त्यांनी ही एक वस्तू तरी जरूर घ्यावी.

सातव्या अटीचा राग तेव्हा गेला. ती अट लिहिणाऱ्याने कुठल्या हेतूने लिहिली ते मला माहीत नाही, पण अट बरोबर होती. मूल सांभाळत काम होत नाही. लेक झोपली की करू, असं म्हणून बसलं की ना झोप पुरते ना काम.

१५ जुलैला आढावा झाला. रिटर्न सगळे वेळेत गेले होते. जूनमध्ये २बी जुळवताना माझ्याकडून दोन बिलं राहिली होती; ती मी स्वतःच सांगितली, पुढच्या महिन्यात घेतली. त्यानंतर दर मंगळवारी ऑफिस सुरू झालं. पहिल्या मंगळवारी बसमध्ये मला एकटीला हात मोकळे वाटले आणि दोन स्टॉप गेल्यावर छाती भरून आली. जादा कुडता पिशवीत ठेवा, एवढंच सांगते.

ऑगस्टमध्ये नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस होती. ती जीएसटीआर-१ च्या ११ तारखेच्या आसपास येऊ दिली नाही, १६ तारखेला घेतली. लसीनंतर ताप आला तर दोन रात्री जातात. ज्यांचं काम माझ्यासारखं तारखांवर चालतं, त्यांनी डॉक्टरांना विचारून चार-आठ दिवस इकडेतिकडे करता येतात का ते बघावं.

पैशांचं सांगायचं तर सुरुवातीला राउटरच्या बॅकअपसकट दहा हजारांच्या आसपास गेले, मग मावशींचे महिना ७,५००. पेट्रोल आणि बाहेरचा खर्च मिळून महिन्याला तीन हजार वाचले असतील. म्हणजे घरून काम स्वस्त पडलं नाही. मावशींचे पैसे जास्त वाटतात का, असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं. आई आतून म्हणाल्या, "ते पैसे माझ्या गुडघ्यांचे आहेत, त्यात कपात करू नका."

मुदत संपायच्या सहा आठवडे आधी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, मी पुढचा अर्ज दिला. या वेळी १२ दिवसांत उत्तर आलं. १५ ऑक्टोबरपासून आठवड्यात तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर, पुन्हा सहा महिन्यांसाठी. मावशींची वेळ १० ते ५ झाली, पगारही वाढवला. सातव्या अटीपुढे आता तीन नावं आहेत, तिघांनाही विचारून लिहिलेली.

१५ ऑक्टोबरला सकाळी निघाले तेव्हा लेक झोपलेली होती. रात्री साडेआठला परतले. आई सांगत होत्या की दुपारी ती रांगत बेडरूमच्या दारापाशी गेली, मुठीला लोंबणारी ओढणी ओढून काढली, दार ढकललं आणि आत जाऊन टेबलाखाली बराच वेळ बसून राहिली. रडली नाही. ओढणी तिच्याजवळच होती.

मी ती पुन्हा मुठीला बांधली नाही. गुरुवारी घरून काम होतं, त्या दिवशी दुसरी घेतली.